जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र कसे शिकवावे?

(महाविद्यालयीन विज्ञान-शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

शेतीमालाचे भाव, आरोग्यसेवेचे खाजगीकरण, शिक्षणाचा बाजार अशा विषयांच्या पंक्तीत ‘जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक संख्याशास्त्र कसे शिकवावे’ हा विषय ठेवण्याचे प्रयोजन काय, असे मी संयोजकांना विचारले होते. त्यांनी उलट मलाच प्रश्न केला, “या प्रत्येक विषयावर बोलताना आपण आकडे देतो की नाही? ते आकडे तपासायला आपल्याला कोणी शिकवले?” या प्रश्नाला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. गेली अनेक वर्षे मी संख्याशास्त्र शिकवतो आहे. माझ्यापुढे बसणारे बहुसंख्य विद्यार्थी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि अलीकडे जैवतंत्रज्ञान या शाखांचे असतात. पदवी घेतल्यावर त्यांतले फार थोडे संशोधक होतात. बाकीचे कोठे जातात? कोणी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, कोणी औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, कोणी बियाणे-खतांच्या कंपनीचा माणूस म्हणून गावोगाव हिंडतो, कोणी शाळेत शिक्षक होतो. म्हणजे सामान्य माणसाच्या शरीराविषयीचे, शेताविषयीचे आणि पाण्याविषयीचे आकडे त्याच्यापर्यंत पोहोचतात ते यांच्याच हातांतून. हे हात आकडा नुसता पुढे सरकवणार, की तो आधी पारखून घेणार, हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही.

प्रथम माझ्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगतो. कारण मी आज जे काही म्हणणार आहे, त्याची सुरुवात त्या चुकीपासून झाली.

कोरडवाहू भागातून आलेला एक विद्यार्थी माझ्याकडे होता. एका विक्रेत्याने त्याच्या वडिलांना हरभऱ्यासाठी एक द्रवरूप जैविक खत सुचवले होते. त्याचा उपयोग होतो की नाही, हे आपण शास्त्रीय रीतीने पाहू, असे त्या मुलाने ठरवले आणि तोच आपल्या प्रकल्पाचा विषय केला. रानात दोन पट्टे आखले. एकाला खत दिले, दुसऱ्याला दिले नाही. पुढे प्रत्येक पट्ट्यातील पन्नास रोपांचे घाटे त्याने मोजले, सरासरी काढली, प्रमाण विचलन काढले, मी शिकवल्याप्रमाणे टी-कसोटी लावली. फरक ‘सार्थ’ ठरला; साधासुधा नव्हे, अत्यंत सार्थ. मी वर्गात त्याचे कौतुक केले आणि भरघोस गुण दिले. पुढच्या हंगामात त्याच्या वडिलांनी ते खत उधारीवर आणून सगळ्या रानाला दिले. उत्पन्नात काही फरक पडला नाही. उधारी मात्र राहिली.

तो मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने एवढेच विचारले, “सर, माझं गणित चुकलं होतं का?”

आम्ही दोघांनी कागद पुन्हा काढले. गणितात कोठेही चूक नव्हती. मग मी त्याच्याबरोबर त्याच्या रानात गेलो. खत दिलेला पट्टा उताराच्या खालच्या अंगाला, बांधालगत होता. पावसाचे पाणी तेथे थोडे अधिक मुरत होते, माती थोडी अधिक खोल होती. प्रयोगात तुलना झाली होती ती एका पट्ट्याची दुसऱ्या पट्ट्याशी. पन्नास रोपे मोजली म्हणून पन्नास पुरावे हाती आले, अशी आम्ही दोघांनीही समजूत करून घेतली. वस्तुतः पुरावा दोन्हीकडे एकेकच होता. १९८४ साली हर्लबर्ट या परिस्थितीशास्त्रज्ञाने नेमक्या या चुकीवर एक गाजलेला लेख लिहिला आणि तिला नावही दिले; मराठीत आपण तिला ‘आभासी पुनरावृत्ती’ म्हणू. तो लेख मी वाचलेला होता. तरीही मुलांना शिकवले ते टी-कसोटीचे सूत्र. पट्टे कसे आखावेत आणि कोणत्या पट्ट्याला खत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून का ठरवावे, हे मी शिकवले नव्हते. ती उधारी त्या घराने फेडली. पण तिच्यात माझाही वाटा होता, असे मी मानतो.

आता ही चूक एकट्या माझी आहे काय? आपल्याकडे हा विषय शिकवला कसा जातो, ते पाहा. अकरावीला विद्यार्थ्याला गणित सोडून जीवशास्त्र घेण्याची मुभा असते. ज्यांना गणिताची धास्ती आहे, ते मोठ्या संख्येने ही वाट धरतात. दोन-तीन वर्षांनी पदवीच्या वर्गात ‘जैवसंख्याशास्त्र’ नावाची प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे उभी राहते. वर्ग कधी गणिताच्या शिक्षकाकडे जातो, कधी प्राणिशास्त्राच्या. पहिल्याला प्राण्यांत रस नसतो, दुसऱ्याला सूत्रांची भीती असते. मग दोघेही एकाच सोप्या मार्गाने जातात. फळ्यावर सूत्र लिहायचे, खाली दहा आकडे द्यायचे आणि सरासरी, मध्यक, बहुलक काढायला सांगायचे. ते दहा आकडे कशाचे आहेत, कोणी मोजले, कोठे मोजले, कशासाठी मोजले, याचा पत्ता नसतो. त्या आकड्यांना आईबाप नसतात. असे निनावी आकडे तीन वर्षे हाताळल्यावर विद्यार्थ्याच्या मनावर एक संस्कार पक्का होतो की, आकडा वरून येतो. आपले काम त्यावर प्रक्रिया करून उत्तराखाली दोन रेघा मारण्याचे. याहून अधिक आज्ञाधारक नागरिक घडवण्याची योजना कोणी मुद्दाम आखली असती, तरी तिला एवढे यश आले नसते.

जीवशास्त्राला संख्याशास्त्र लागते ते मुळात सजीव एकमेकांसारखे नसतात म्हणून. एकाच शेंगेतले दोन दाणे सारखे नसतात. रसायनशास्त्रज्ञाला शुद्ध मीठ मिळते. जीवशास्त्रज्ञाला ‘शुद्ध’ बेडूक कधीच मिळत नाही. म्हणून या विद्यार्थ्याला पहिल्या तासाला शिकवायची गोष्ट आहे विविधता. सरासरी त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की काय होते, याचे इतिहासातले एक उदाहरण आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. आणि ते आपल्याच विचारांच्या घरातले आहे.

ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवरील आपले प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध केले. दुसऱ्या पिढीत त्यांना ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. तीनास एक या प्रमाणाने ते ५४९३ आणि १८३१ असायला हवे होते. फरक १९ दाण्यांचा. सात हजारांहून अधिक दाण्यांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो की नाही, हा संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. आणि पडू शकतो, सहज पडू शकतो, हे त्याचे उत्तर आहे. पण दाणे हजारोंनी न मोजता एकेका कुटुंबातले थोडे थोडे मोजले, तर काय दिसेल? कोठे तीनास एक, कोठे पाचास एक, कोठे दोनास एक. सोव्हिएत रशियात १९३९ साली लायसेंको यांच्या पंथातील एर्मोलायेवा या संशोधिकेने वाटाण्याच्या कुटुंबांचे असेच आकडे प्रसिद्ध केले आणि निष्कर्ष काढला की, प्रमाण प्रत्येक कुटुंबात वेगळे येते, त्या अर्थी मेंडेलचा नियम खोटा आहे. विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितींपैकी एक असलेल्या आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९४० साली तेच आकडे हाती घेतले. नियम खरा असेल, तर निरनिराळ्या कुटुंबांत प्रमाण किती मागेपुढे झाले पाहिजे, याचा हिशेब त्यांनी मांडला. आकडे बरोबर तेवढेच मागेपुढे होत होते. ज्या विविधतेला एर्मोलायेवा नियमाचे खंडन समजल्या, ती विविधताच नियमाची साक्ष देत होती.

यावर लायसेंको यांचे उत्तर काय होते? जीवशास्त्राचे प्रश्न गणिताने सुटत नाहीत, असे. हे उत्तर चुकीचे होते. पण सत्ता त्या उत्तराच्या बाजूने होती. जगभरची बियाणी जमवणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांना १९४० सालीच अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये मेंडेलचे आनुवंशशास्त्र अधिकृतपणे बहिष्कृत ठरले, आणि ही दडपणूक १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. हे केवळ संख्याशास्त्राच्या अज्ञानाने घडले, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या वर्गाने शेतकऱ्यांची मुले विज्ञानात आणली, त्याच वर्गाच्या राज्यात त्या मुलांना आकड्यांवर विसंबायचे की पुढाऱ्यावर, असा पेच पडला. आकडे वाचण्याची रीत त्यांच्यात रुजलेली असती, तर लबाडी पचवणे इतके सोपे गेले नसते, एवढे म्हणायला हरकत नाही.

दुसरी बाजूही तितकीच सांगितली पाहिजे. आधुनिक संख्याशास्त्राची अनेक हत्यारे जीवशास्त्रातच घडली. पण ती घडवणाऱ्या गाल्टन, पिअर्सन आणि फिशर या तिघांचाही ‘सुप्रजननशास्त्रा’वर विश्वास होता. माणसांत श्रेष्ठ-कनिष्ठ कुळे असतात आणि कनिष्ठांची संतती आटोक्यात ठेवावी, हा त्या शास्त्राचा गाभा. त्यांची सूत्रे आपण आजही वापरतो आणि वापरलीच पाहिजेत. सूत्र बरोबर असूनही प्रश्न अन्यायाचा असू शकतो, हे विद्यार्थ्याला त्याच वेळी कळले पाहिजे. म्हणून या सूत्रांबरोबर त्यांचा इतिहासही वर्गात सांगावा.

अशा वर्गाचा एक नमुना आपल्याच देशात होऊन गेला आहे. जे. बी. एस. हॉल्डेन हे नाव तुमच्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक असेल. ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट दैनिकात ते कामगारांसाठी विज्ञानावर लेख लिहीत. लायसेंको प्रकरणात त्यांचीही बरीच कोंडी झाली आणि पुढे ते पक्षापासून दूर झाले. १९५७ साली, सुएझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध करून, ते कलकत्त्याला आले आणि महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले. आनुवंशशास्त्राला गणिताची बैठक देणाऱ्या या माणसाजवळ विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी पदवी घेतली ती अभिजात वाङ्मयाची. महागडी यंत्रे नाहीत म्हणून संशोधन होत नाही, ही तक्रार त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या तरुण सहकाऱ्यांपैकी एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या झुडपांपाशी बसून, कोणत्या जातीचे फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर किती वेळा बसते, याची नोंद केली, आणि त्यावरचा त्यांचा लेख १९६० साली ‘नेचर’मध्ये छापून आला. यासाठी लागले काय? कागद, पेन्सिल, चिकाटी, आणि मोजण्यापूर्वी मनात असलेला स्पष्ट प्रश्न.

घाणेरी आपल्याकडे प्रत्येक माळावर आहे आणि पारिजातक पुष्कळ महाविद्यालयांच्या आवारात आहे. शरदातल्या एखाद्या सकाळी विद्यार्थ्यांना त्या झाडाखाली न्यावे आणि प्रत्येकाला शंभर फुले उचलायला सांगावे. पाच पाकळ्यांची एक रांग, सहांची दुसरी, सातांची तिसरी, आठांची चौथी, अशी ती फरशीवर मांडावीत. एवढ्याने स्तंभालेख तयार झाला; कोणी फळ्यावर काही लिहिलेले नाही. मग विचारावे, सर्वांत लांब रांग कोणती? हा बहुलक. फुलांमागे पाकळ्या सरासरी किती? त्या सरासरीपासून फुले किती दूर पसरली आहेत? प्रत्येकाची सरासरी शेजाऱ्याहून थोडी वेगळी का आली? या शेवटच्या प्रश्नापाशी वर्ग थोडा वेळ शांत होतो. ‘प्रमाण त्रुटी’ हा शब्द उच्चारायची खरी वेळ ती. त्याआधी तो उच्चारला, तर नुसता पाठ होतो.

यानंतर खरे काम सुरू होते. तुम्ही फुले उचललीत कशी? टवटवीत तेवढीच उचललीत काय? चिखलातली सोडून दिलीत काय? आणि ही सगळी फुले एकाच झाडाची आहेत. मग तुम्ही पारिजातकाविषयी बोलत आहात, की केवळ या झाडाविषयी? शंभर फुले एका झाडाची घ्यावीत, की दहा झाडांची दहा-दहा? माझ्या विद्यार्थ्याच्या हरभऱ्याचा प्रश्न हाच होता. तो झाडाखाली विचारला गेला असता, तर रानात महाग पडला नसता.

आपल्या भाषेत ‘शितावरून भाताची परीक्षा’ अशी म्हण आहे. नमुना म्हणजे काय हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. पण घरची बाई ती परीक्षा करते तेव्हा तिला भांडे ठाऊक असते. तळाचा भात करपला असेल, वरचा कच्चा असेल, म्हणून ती पळी तळापर्यंत घालते आणि मगच शीत चेपून पाहते. पुस्तक शीत चेपायला शिकवते, पळी घालायला शिकवत नाही. आणि आपला समाज तर मुळीच एकसारखा शिजलेला नाही. रस्त्यालगतच्या आरोग्यशिबिरात आलेल्या माणसांवरून तालुक्याचे अनुमान काढता येत नाही. जो शिबिरापर्यंत चालत येऊ शकला नाही, तो आपल्या तक्त्यात नसतोच.

येथे आपल्या चळवळीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. अशा शिबिरातले आकडे घेऊन आपणही सभांतून टक्केवाऱ्या ठोकून दिल्या आहेत. छेद कोणता, हे विचारणारा कार्यकर्ता आपल्याला खुसपट काढणारा वाटतो. सरकारच्या आकड्यांवर संशय घ्यायचा आणि आपले आकडे श्रद्धेने स्वीकारायचे, ही रीत फार काळ चालणारी नाही. आपला एक आकडा खोटा पडला की त्याच्यामागचे खरे दुःखही खोटे ठरवायला लोक टपलेलेच असतात.

प्रामाणिकपणाचा हा प्रश्न वर्गातही आहे. १९३६ साली फिशर यांनी मेंडेलचे आकडे पुन्हा तपासले आणि ते अपेक्षेशी जुळतात त्याहून अधिकच जुळतात, अशी शंका काढली. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्यात मी शिरत नाही. पण आपल्या प्रयोगशाळांत काय चालते? परीक्षकाला कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. तो उत्तराकडून मागे हिशेब करत येतो आणि जर्नलमध्ये ‘निरीक्षणे’ भरतो. आपल्याला ते कळते आणि आपण सही करतो. वेडीवाकडी पण खरी नोंद आणणाऱ्याचे गुण कापतो, गुळगुळीत खोट्या नोंदीला पूर्ण गुण देतो. त्यानंतर संख्याशास्त्राच्या कोणत्याही सूत्राला काही अर्थ उरत नाही. ज्याने विशीत खोटे आकडे लिहून शाबासकी मिळवली, तो पुढे पाण्याच्या तपासणीचा अहवाल लिहिताना कसा वागेल, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे.

तीच गोष्ट ‘सार्थकते’ची. पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आले की निष्कर्ष खरा, अधिक आले की खोटा, असे विद्यार्थी समजतो. कित्येक शिक्षकही समजतात. त्या आकड्याचा अर्थ मर्यादित आहे. खतात काहीच गुण नाही, असे क्षणभर धरून चालले, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याचा संभव किती, एवढेच तो सांगतो. खत गुणकारी असण्याचा संभव तो सांगत नाही. फरक शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे की नाही, हेही सांगत नाही. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ साली खास निवेदन काढून हे स्पष्ट केले, यावरून गैरसमज किती खोल गेला होता ते दिसते. शिवाय वीस निरुपयोगी औषधे तपासली, तर त्यांतले एखादे या कसोटीला केवळ नशिबाने उतरण्याचा संभव बराच असतो. उरलेल्या एकोणीस चाचण्या कपाटात ठेवून ती एकच छापली, तर वाचणाऱ्याला काय कळणार? चाचणी सुरू करण्यापूर्वीच तिची जाहीर नोंद करावी, ही मागणी त्यातूनच आली. भारतात अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. आपल्या किती विद्यार्थ्यांनी ती उघडून पाहिली आहे?

आता संगणक आला आहे, तेव्हा हे सगळे कशाला, असे कोणी म्हणेल. संगणकाने आकडेमोडीचे कष्ट वाचवले, हे मोठेच काम केले. पण जो विचार माणसाने केला नाही, तो यंत्र करत नाही. उलट कधीकधी नकळत घोटाळा करते. ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट २’ अशा नावांची जनुके होती. एक्सेलमध्ये ती लिहिली की यंत्र त्यांची तारीख करून टाकत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला नावेच बदलावी लागली. लिहिणाऱ्याने, तपासणाऱ्याने आणि छापणाऱ्याने आपला तक्ता एकदा डोळ्यांखालून घातला असता, तर ही वेळ आली नसती. म्हणून विद्यार्थ्याला तीन सवयी लावाव्यात. मूळ नोंदींना हात लावू नये. त्यांची प्रत काढून काम करावे. काय काय केले ते क्रमाने लिहून ठेवावे. आणि हिशेबापूर्वी आलेख काढून पाहावा. महागड्या कंपनी-प्रणालीची गरज नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातल्या दोन शिक्षकांनी १९९० च्या दशकात ‘आर’ नावाची प्रणाली लिहिली आणि सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून जगभरचे संशोधक तिच्यात भर घालत आले आहेत. ती फुकट मिळते आणि तिची आतली रचना कोणालाही पाहता येते. ज्ञानाची सामाईक मालकी कशी असते, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

हे सर्व अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसणार कसे, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवणाऱ्या सहकाऱ्याला ‘आणखी कष्ट कर’ असे सांगण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या पूर्णवेळ नेमणुकीची मागणी ही चांगल्या शिक्षणाचीच मागणी आहे. पण काही गोष्टी उद्यापासून करता येतील. ज्या आकड्यांचा ठावठिकाणा सांगता येत नाही, असे उदाहरण फळ्यावर लिहू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षात निदान एक गोष्ट स्वतः मोजावी आणि मोजण्यापूर्वी आपला प्रश्न व आपली रीत लिहून द्यावी. गुणांचा मोठा वाटा त्या लिहून दिलेल्या पानाला असावा. आणि हे मराठीत बोलावे. परीक्षा इंग्रजीत असली तरी ‘तुझी फुले तू कशी निवडलीस?’ हा प्रश्न मराठीत विचारला, तर उत्तर पाठांतरातून येत नाही, डोक्यातून येते.

मित्रहो, त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नव्हतो. गणित बरोबर आहे, असे म्हणालो आणि गप्प राहिलो. पुढे दोन वर्षांनी त्याने पुन्हा प्रयोग केला. या वेळी रानाच्या वरपासून खालपर्यंत बारा वाफे पाडले आणि खत कोणाला द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवले. धाकट्या बहिणीला मोजायला बसवले, आणि कोणत्या वाफ्याला खत दिले आहे हे तिला सांगितले नाही. फरक दिसला नाही. तो कागद घेऊन तो त्या विक्रेत्याकडे गेला आणि त्याने विचारले, “तुमच्या चाचणीचे वाफे किती होते?” विक्रेत्याला उत्तर देता आले नाही. त्या गावातल्या आणखी काही शेतकऱ्यांनी त्या वर्षी ते खत घेतले नाही, असे मला त्याने नंतर सांगितले.

वाफे किती होते, हा प्रश्न विचारणारी मुले आपल्याला घडवायची आहेत. ती प्रत्येक वर्गात आहेत. त्यांना फळ्यापासून उठवून झाडाखाली नेण्याचे काम तेवढे आपले आहे.